१२० क्रेडिट कशी भरायची?

बारावी कला शाखेतून झालेली आणि दहावीनंतर गणिताचं पुस्तक न उघडलेली मुलगी अमेरिकेत इतिहासात बी.ए. करायला जाते. पहिल्याच आठवड्यात तिला कळतं, की पदवी हवी असेल तर गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा एक तरी कोर्स करावा लागेल आणि प्रयोगशाळेसह एक विज्ञानही घ्यावं लागेल. तिच्याच वर्गात अर्थशास्त्र शिकायला आलेला मुलगा असतो. त्याला साहित्य, एखादी कला आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा करायची असते. आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडली की बाकीचे विषय मागे पडतात. तिथल्या लिबरल आर्ट्सच्या पदवीत ते मागे पडत नाहीत, आणि ही पदवी घ्यायची तर हे अर्ज करण्याआधीच माहीत असायला हवं. घरात फीची, व्हिसाची, कर्जाची चर्चा महिनोन् महिने चालते. पदवीच्या अटींचं पान वाचायला एक संध्याकाळ पुरते, पण ती संध्याकाळ फार थोड्या घरांत काढली जाते.

आधी आकडे समजून घेऊ. अमेरिकेतली चार वर्षांची बॅचलर पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. आठ सत्रं, प्रत्येक सत्रात १५. एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तासांचं काम. तीन क्रेडिटचा कोर्स आठवड्याचे नऊ तास मागतो, आणि असे पाच कोर्स म्हणजे पंचेचाळीस तास. हा हिशेब ठाऊक नसला की घोटाळा होतो. राज्य शासनाच्या २०२३ च्या आराखड्यानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या बी.ए.ला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला २२ पर्यंत. ते पाहिलेल्या मुलांना तिकडचे १५ किरकोळ वाटतात आणि ती पहिल्याच सत्रात १८ घेऊन बसतात. आपल्याकडच्या क्रेडिटमध्ये मुख्यतः वर्गातले तास मोजले जातात. तिकडे घरी बसून वाचायची दीडशे पानंही त्यात धरलेली असतात. पहिल्या सत्रात १५ च्या वर जाऊ नका.

काही कॉलेजं क्रेडिट न मोजता कोर्स मोजतात. अॅमहर्स्ट आणि स्वार्थमोरला ३२ कोर्स लागतात, ब्राउनला ३०. हार्वर्डचे १२८ आणि ग्रिनेलचे १२४ क्रेडिटही शेवटी बत्तीसच्या आसपास कोर्सचेच होतात. त्यामुळे दोन कॉलेजांची तुलना करताना क्रेडिटचा आकडा बाजूला ठेवा आणि एका सत्रात किती कोर्स घ्यावे लागतात तेवढं बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर चार किंवा पाच येईल.

खरा फरक या कोर्सांची वाटणी कशी केली आहे यात असतो. ढोबळमानाने तीन भाग पडतात: सगळ्यांना सक्तीचा सामान्य शिक्षणाचा भाग, मुख्य विषय म्हणजे मेजर, आणि उरलेले मोकळे कोर्स. याशिवाय लेखन, परकीय भाषा आणि संख्यात्मक विचार अशा कौशल्यांच्या अटी असतात. त्या कधी स्वतंत्र कोर्सने, तर कधी दुसऱ्या भागातल्याच एखाद्या कोर्सने भागतात. ही रचना एका दिवसात झालेली नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी १८६९ पासूनच्या आपल्या कारकिर्दीत जवळजवळ सगळा अभ्यासक्रम ऐच्छिक करून टाकला. १९०९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेल यांना त्यात पसारा दिसला. एका विषयात खोल जा आणि बाकीच्या क्षेत्रांतले काही कोर्स वाटून घ्या, अशी सांगड त्यांनी घातली. आज बहुतेक अमेरिकी कॉलेजांत हीच सांगड थोड्याफार फरकाने चालते. लोवेल यांच्याच काळात, १९२९ मध्ये, दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डचे पदवीधर झाले. त्यांनी गणितावरच लक्ष द्यावं असं त्यांचे प्राध्यापक जॉर्ज बर्कहॉफ यांचं म्हणणं होतं. कोसंबींनी मात्र नाना विषयांचे कोर्स घेतले आणि सगळ्यांत उत्तम यश मिळवलं. गणितज्ञ, नाणेशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक असा त्यांचा पुढचा संचार पाहिला, तर ते मोकळे कोर्स वाया गेले असं कुणी म्हणणार नाही.

सामान्य शिक्षणाच्या भागात कॉलेजांचे स्वभाव दिसतात, आणि कॉलेज निवडताना क्रमवारीपेक्षा हा स्वभाव आपल्या मुलाला मानवेल का हे पाहावं असं मला वाटतं. एका टोकाला सेंट जॉन्स कॉलेज आहे. १९३७ पासून तिथे सगळे विद्यार्थी जवळजवळ एकच अभ्यासक्रम शिकतात, मूळ ग्रंथ वाचतात आणि गोलमेज चर्चा करतात. कोलंबियाचा कोअर अभ्यासक्रमही ठरलेला आहे. पहिल्या वर्षी होमरच्या इलियडपासून सुरू होणारा वर्षभराचा साहित्याचा कोर्स, पुढे १९१९ पासून चालत आलेला राजकीय आणि सामाजिक विचारांचा कोर्स, शिवाय चित्रकला, संगीत, विज्ञान आणि लेखन. भौतिकशास्त्र शिकणारा असो की नाटक, इलियडपासून सुटका नाही. मधल्या गटात स्वार्थमोरसारखी कॉलेजं येतात. तिथे मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि निसर्गविज्ञान व अभियांत्रिकी या तीन विभागांत प्रत्येकी तीन कोर्स करायचे, पण ते कुठले हे तुम्ही ठरवायचं. शिवाय लेखनावर भर असलेले तीन कोर्स. दुसऱ्या टोकाला ब्राउन आहे. १९६९ पासून तिथे वाटणीची सक्ती नाही. मुख्य विषय पूर्ण करायचा आणि लेखनाची अट भागवायची. अॅमहर्स्ट आणि ग्रिनेल इथेही पहिल्या वर्षीचा एक चर्चावर्ग आणि मुख्य विषय सोडला तर फारशी बंधनं नाहीत.

मोकळा अभ्यासक्रम ऐकायला छान वाटतो. पण ज्याला अजून आपला कल कळलेला नाही आणि ज्याच्या घरात कुणी असं शिक्षण घेतलेलं नाही, त्याने ठरलेल्या किंवा वाटणीच्या रचनेचं कॉलेज निवडावं असं मी ठामपणे सांगेन. मोकळीक वापरायलाही आधी काय काय असतं हे ठाऊक असावं लागतं. महाराष्ट्र बोर्डातून गेलेल्या मुलाने मानववंशशास्त्र, भाषाविज्ञान किंवा कलेतिहास यांची नावंही क्वचित ऐकलेली असतात. जे माहीतच नाही ते तो निवडणार कसं?

आता मुद्द्याची गोष्ट: कोर्स घ्यायचे कुठल्या क्रमाने? आधीच्या तुकडीतली मुलं सल्ला देतात, की सक्तीचे सामान्य कोर्स पहिल्या दोन वर्षांत उरकून टाका, म्हणजे पुढे मुख्य विषयाला मोकळे. हा सल्ला मला पटत नाही. पहिल्या दोन वर्षांत फक्त साखळीचे कोर्स घ्यावेत, म्हणजे ज्यांच्यावर पुढचे कोर्स अवलंबून आहेत ते. बाकीचे सामान्य कोर्स चारही वर्षांत पसरावेत. तत्त्वज्ञानाचा कोर्स अठराव्या वर्षी उरकण्यात आणि एकविसाव्या वर्षी समजून घेण्यात फार अंतर आहे. शेवटच्या वर्षी प्रबंधाच्या कामात बुडालेल्या विद्यार्थ्याला आठवड्यातून दोनदा खगोलशास्त्राच्या वर्गात बसणं किती हलकं करतं, हे तसा कोर्स मागे ठेवलेल्या मुलांना विचारा.

साखळ्या साधारण तीन असतात.

पहिली गणिताची. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात गणिताची पातळी ठरवणारी परीक्षा बहुधा ऑनलाइन होते. मुलं ती प्रवासाच्या गडबडीत, अर्धवट लक्षाने देतात आणि खालच्या वर्गात जाऊन पडतात. अर्थशास्त्र घ्यायचं असेल तर ही चूक महाग पडते, कारण तिथली साखळी लांब आहे: कॅल्क्युलस, मग मध्यम पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र, मग अर्थमिती, मग शेवटचा संशोधनाचा कोर्स. पहिली कडी एक वर्ष पुढे गेली की शेवटची चौथ्या वर्षाच्या काठावर येते, आणि ती नेमकी त्या सत्रात शिकवलीच जात नाही असंही घडतं. म्हणून परीक्षेआधी बारावीचं गणित पंधरा दिवस घोटून घ्या. ज्यांनी अकरावीतच गणित सोडलं त्यांनी घाबरायचं कारण नाही. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र यांसाठी संख्यात्मक विचाराची अट पुष्कळ ठिकाणी प्राथमिक संख्याशास्त्राने किंवा तर्कशास्त्राने भागते. संख्याशास्त्र घ्या. समाजशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते पुढे रोज लागतं.

दुसरी साखळी भाषेची. भाषेची अट पुष्कळदा मध्यम पातळीपर्यंत जाते. शून्यापासून स्पॅनिश सुरू केलं तर तीन-चार सत्रं लागतात आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा मागे जावं लागतं. इथे मराठी मुलांच्या हातात एक पत्ता असतो, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शालेय शिक्षण झालेलं असेल किंवा त्या भाषेत वाचता-लिहिता येत असल्याचं दाखवता आलं, तर अनेक कॉलेजं या अटीतून सूट देतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी दहावीची गुणपत्रिका आणि शाळेचं माध्यम सांगणारं पत्र बरोबर न्यावं. इंग्रजी माध्यमातल्या पण मराठी विषय घेतलेल्या मुलांना लेखी किंवा तोंडी चाचणी द्यावी लागू शकते. त्यासाठी परीक्षक शोधण्यात कॉलेजचा वेळ जातो, म्हणून विनंती पहिल्याच सत्रात करावी. शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठी शिकवली जात आली आहे. आपल्या कॉलेजात मराठी नसली तर कॉलेज बाहेरच्या परीक्षकाकडून तुमची मराठी तपासून घेतं का, हे विचारायला लाजू नका. सूट मिळाली म्हणून भाषा टाळावीच असंही नाही. इतिहासात पुढे संशोधन करायचं असेल तर वाचनापुरती फारसी किंवा पोर्तुगीज यांच्याइतका उपयोगी मोकळा कोर्स दुसरा नाही. मराठ्यांच्या आणि गोव्याच्या इतिहासाची कितीतरी कागदपत्रं याच दोन भाषांत पडून आहेत.

तिसरी साखळी लेखनाची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्या वर्षी बारा-पंधरा जणांचा लेखनाचा वर्ग असतो. त्याचा विषय काहीही असू शकतो, नद्या किंवा न्याय किंवा भुताच्या गोष्टी. शिकवायचं असतं ते युक्तिवाद मांडणं. आपली मुलं इथे अडखळतात, आणि ती इंग्रजीमुळे अडखळत नाहीत. बारावीपर्यंत 'अपेक्षित प्रश्नसंचा'तलं उत्तर मुद्देसूद उतरवून काढण्याला गुण मिळालेले असतात. इथे पहिल्या निबंधावर शेरा येतो: तुमचं म्हणणं काय आहे? सत्रात तीन-चार निबंध असतात. प्रत्येकाचा कच्चा खर्डा द्यायचा, शिक्षकांबरोबर वीस मिनिटं बसायचं, वर्गमित्रांनी काढलेल्या शंका ऐकायच्या आणि मग तो पुन्हा लिहायचा. पहिल्या खर्ड्यातला तिसरा परिच्छेदच खरा निबंध होता, असं त्या वीस मिनिटांत कळतं. मग पहिले दोन काढून टाकायचे. हे काढून टाकणं जिवावर येतं, पण तेच शिकायचं असतं. दुसऱ्याचं वाक्य किंवा कल्पना घेतली तर श्रेय द्यायचं, ही शिस्त इथे कायद्यासारखी पाळली जाते. गाईडमधून उतरवायची सवय नकळत राहिली तर शिस्तभंगाची कारवाई होते आणि ती नोंद मागे लागते. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा, म्हणजे ऑफिस अवर्स, अभ्यासक्रमाच्या पत्रकावर छापलेल्या असतात. त्या सगळ्यांसाठी असतात. काही चुकलं म्हणूनच सरांकडे जायचं, ही शाळेतली समजूत विमानतळावरच सोडून द्या.

मुख्य विषय बहुतेक कॉलेजांत चौथ्या सत्राच्या अखेरीपर्यंत जाहीर करायचा असतो. त्यात साधारण दहा ते बारा कोर्स असतात: ओळखीचा एक, पद्धती शिकवणारा एक, वरच्या पातळीचे काही आणि शेवटी एक मोठं काम. हे शेवटचं काम किती मोठं, हेही कॉलेज निवडतानाच पाहा. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधन करावं लागतं. प्रिन्स्टनला बी.ए.साठी प्रबंध सक्तीचा आहे. रीड कॉलेजात तिसऱ्या वर्षी पात्रता परीक्षा आणि चौथ्या वर्षी प्रबंध असतो. इतर कित्येक ठिकाणी एका चर्चावर्गावर भागतं. पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर प्रबंध सोडू नका. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने तुम्हाला वर्षभर काम करताना पाहिलेलं असतं, आणि त्या पत्राला वजन येतं ते त्यामुळेच.

विषय जाहीर करताना परदेशी विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट तपासायची. तुमच्या आय-२० या कागदावर विषयाच्या नावाशेजारी एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. शिक्षणानंतर अमेरिकेत कामाचा अनुभव घेण्यासाठी सगळ्यांना १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी २४ महिन्यांची वाढ मागता येते. अर्थशास्त्र हे याचं उत्तम उदाहरण. सर्वसाधारण अर्थशास्त्र त्या यादीत नाही, पण ४५.०६०३ या क्रमांकाचं अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र आहे. एकाच विभागात, जवळपास तेच कोर्स करून, दोन मुलांच्या हातात वेगवेगळे क्रमांक असू शकतात. केवळ या क्रमांकापायी आवडीचा विषय सोडावा असं मी म्हणणार नाही, पण निर्णय माहितीनिशी घ्या.

व्हिसाची दुसरी अट रोजच्या निर्णयांत आडवी येते. एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तोही तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. १५ घेतली आणि एक कोर्स जड गेला म्हणून सोडला, तर १२ उरतात आणि तुम्ही सुरक्षित असता. १२ च घेतली असली तर कोर्स सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावीच लागते. आजारपणात किंवा पहिल्या वर्षीच्या खऱ्या अभ्यासाच्या अडचणीत ती मिळू शकते, पण ती आधी घ्यायची असते. नंतर सारवासारव होत नाही.

बारीक अक्षरातल्या काही अटी झटपट सांगतो. पदवीसाठी सरासरी किमान २.० लागते; मुख्य विषयात पुष्कळदा प्रत्येक कोर्सला किमान सी हवा. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण शेरा घेऊन केलेला कोर्स सहसा मुख्य विषयात धरत नाहीत. ३०० च्या पुढच्या क्रमांकाचे, म्हणजे वरच्या पातळीचे, ठरावीक कोर्स पुष्कळ ठिकाणी लागतात. एक कोर्स दोन अटींसाठी मोजला जाईल की नाही, हे प्रत्येक कॉलेज वेगळं ठरवतं. पोहण्याची परीक्षा हीसुद्धा काही कॉलेजांत पदवीची अट असते, तेव्हा ते इथूनच शिकून जा. बारावीच्या गुणांवर क्रेडिट मिळतील असं धरून चालू नका. एपी किंवा आयबीच्या उच्च पातळीच्या परीक्षांवर ती अनेक ठिकाणी मिळतात. सुट्टीत स्वस्त कम्युनिटी कॉलेजात कोर्स करणार असाल तर तो आपल्या कॉलेजात चालेल याचा होकार आधी लेखी घ्या. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा कॅटलॉग सहसा तुम्हाला लागू असतो, म्हणून त्याची प्रत जपून ठेवा. मध्येच नियम बदलले तर ती प्रतच कामाला येते.

हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. बहुतेक कॉलेजं विद्यार्थ्याला ऑनलाइन पदवी-तपासणीचं पान देतात. त्यावर झालेल्या अटींपुढे खूण असते आणि राहिलेल्यांपुढे काय शिल्लक आहे ते लिहिलेलं असतं. दर सत्राच्या नावनोंदणीआधी ते छापून घ्या आणि सल्लागार प्राध्यापकांसमोर ठेवा. एक गोष्ट खास तपासा: एखादा कोर्स संगणकाने भलत्याच रकान्यात टाकलाय का. मानव्यविद्येची अट भागवण्यासाठी घेतलेला चित्रपटाचा कोर्स मोकळ्या कोर्समध्ये जाऊन बसलेला असतो, आणि हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं तर एका अर्जात सुटतं. आठव्या सत्रात लक्षात आलं तर उन्हाळ्याची फी भरावी लागते.

आईवडिलांसाठी एक सूचना. १९७४ च्या अमेरिकी कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याची गुणनोंद ही त्याची स्वतःची असते. फी तुम्ही भरत असलात तरी त्याच्या संमतीशिवाय कॉलेज तुम्हाला गुण सहसा सांगत नाही. त्यामुळे 'किती पडले?' एवढंच विचारण्यापेक्षा ते तपासणीचं पान मुलालाच सत्रातून एकदा दाखवायला सांगा. त्यावर नुसत्या गुणांपेक्षा बरंच काही दिसतं, आणि कुठला कोर्स आवडला, का आवडला, अशी बोलायला सुरुवातही त्यातून होते.

शेवटची पायरी अनेकांकडून राहून जाते. सगळी क्रेडिट भरली म्हणून पदवी आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत बहुधा शेवटचं सत्र सुरू होण्याच्या आसपास संपते. सहावं सत्र संपलं की रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून शिल्लक अटींची लेखी खात्री करून घ्या, सातव्यात अर्ज भरा. कामाच्या परवान्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर ६० दिवसांत त्याची मुदत संपते. तो त्या खिडकीच्या पहिल्या आठवड्यातच टाका.